एनसीसीसारखंच ना?

जानेवारीतला शनिवार. बाहेर घोटा बुडेल एवढा बर्फ आणि आत न्यू जर्सीतल्या एका हायस्कूलच्या कॅफेटेरियात संक्रांतीचं हळदीकुंकू. मंडळाने हॉल दुपारपुरता भाड्याने घेतलेला. एका टेबलावर कोटांचा ढीग, दुसऱ्यावर वाणाच्या स्टीलच्या डब्या. गूळपोळीवरच्या तुपाच्या वासात शाळेच्या फरशीचा तो लिंबू घातलेल्या फिनाईलचा वास मिसळलेला. दाराशी एक बाई आलेल्यांची नावं लिहून घेत होत्या. हातात जाडसर काळं बॉलपेन, त्यावर सोनेरी अक्षरांत आर्मी रिझर्व्ह, म्हणजे अमेरिकन लष्कराचं राखीव दल. याच कॅफेटेरियात जेवणाच्या सुट्टीत लष्करात भरती करणारा रिक्रूटर टेबल मांडून बसतो आणि पेनं, बाटल्या, किल्ल्यांच्या दोऱ्या वाटतो. पेन त्यांच्या मुलाने आणलेलं. मुलगा अकरावीत, फेब्रुवारीत सतरा पूर्ण होणार. "नाव घालायचं म्हणतोय," त्या बाजूला उभ्या असलेल्या काकांना सांगत होत्या. "महिन्यातून एक वीकएंड. म्हणजे आपल्या एनसीसीसारखंच ना? वर कॉलेजची फी माफ. हे मार्चमध्ये पुण्याहून आले की दोघांच्या सह्या लागतील म्हणे." काकांनी चहाच्या थर्मासचा नळ दाबला, पेला भरला आणि म्हणाले, "हो हो, तसंच काहीसं."

रांग पुढे सरकली.

त्या वाक्याच्या शेवटचा ‘ना’ मात्र तिथेच अडकून राहिला. मराठीत वाक्याच्या शेवटी ‘ना’ लावून विचारलेल्या प्रश्नाला माहिती नको असते, होकार हवा असतो. काकांनी तो दिला, त्यांचंही काही चुकलं नाही. हळदीकुंकवाच्या रांगेत कोणी कुणाला आठ वर्षांच्या कराराचा अर्थ समजावून सांगत नाही.

एनसीसी आठवली की आपल्या पिढीच्या नाकात ब्रासोचा वास येतो. रविवारची परेड, कांजी केलेली खाकी, बूट चमकवायला रात्री केलेली घासाघीस, आणि परेड संपल्यावर रांगेत मिळणारा नाश्ता, ज्याच्यासाठी अर्धी पलटण येत असे. ‘सी’ सर्टिफिकेटने पुढे काही दरवाजे उघडत, पण उघडा दरवाजा ओलांडायचा की नाही हे आपल्या मर्जीवर. १९४८च्या कायद्यानेच कॅडेटवर लष्करी सेवेचं बंधन ठेवलेलं नाही. पाय मुरगळला, बारावी आली, कंटाळा आला, की नाव कमी. त्या खाकीखाली सेवेला बांधून घालणारी सही नव्हती. अमेरिकन रिझर्व्हमध्ये नेमकी ती सही आधी असते. खाकी नंतर.

सही एकूण आठ वर्षांच्या लष्करी बांधिलकीवर होते. शिक्षणाचा लाभ हवा असेल तर त्यातली किमान सहा वर्षं ‘सिलेक्टेड रिझर्व्ह’मध्ये, म्हणजे दर महिन्याच्या ड्रिलला हजेरी लावणाऱ्या युनिटमध्ये काढायची. उरलेली वर्षं नाव यादीत राहतं, ड्रिल नसतं, पण गरज पडली तर बोलावणं येऊ शकतं. सतरा वर्षांच्या मुलाला आठ वर्षं म्हणजे आजवरच्या आयुष्याचा जवळजवळ अर्धा भाग. त्या वयात पुढच्या उन्हाळ्यापलीकडे फारसं दिसत नाही, आणि रिक्रूटरला हे चांगलं ठाऊक असतं. म्हणून तो बोलतो ते पुढच्या उन्हाळ्याबद्दलच.

त्या उन्हाळ्याची योजना मोठी हुशारीने आखलेली आहे. तिला ‘स्प्लिट ऑप्शन’ म्हणतात. अकरावी संपली की दहा आठवड्यांचं बेसिक ट्रेनिंग करायचं, साउथ कॅरोलायनातल्या फोर्ट जॅक्सनसारख्या ठिकाणी. सप्टेंबरात परत येऊन बारावी, त्या वर्षात महिन्याला एक ड्रिल वीकएंड, आणि पदवीदान झालं की उरलेलं कामाचं प्रशिक्षण, म्हणजे एआयटी. कागदावर सगळं चपखल बसतं. न्यू जर्सीच्या कॅलेंडरवर मात्र ओढाताण होते. इथल्या शाळा जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत चालतात आणि सप्टेंबरात लेबर डेच्या आसपास उघडतात. मधे उरतात दहा-अकरा आठवडे. प्रशिक्षण दहा आठवड्यांचं खरं, पण त्याआधी केस कापणं, लसी, गणवेशाची मापं, कागदपत्रं यांत काही दिवस जातात. कुणी ताप-पडसं किंवा दुखऱ्या नडगीमुळे मागे राहिला, तर तो पुढच्या तुकडीत ढकलला जातो आणि बारावीचे पहिले आठवडे बुडतात. म्हणून शाळेच्या समुपदेशकाशी बोलणं फेब्रुवारीतच व्हायला हवं. जूनची परीक्षा लवकर देता येईल का, सप्टेंबरात उशीर झाला तर काय, हे लेखी. तोंडी आश्वासन देणारा समुपदेशक सप्टेंबरात दुसऱ्या शाळेत गेलेला असतो.

आता ‘फी माफ’कडे वळू. फी माफ होते असं सांगणारा माणूस बहुतेक वेळा तीन वेगळ्या गोष्टी एका श्वासात सांगत असतो.

पहिली माँटगोमेरी जीआय बिलाची, म्हणजे सैनिकांना शिक्षणासाठी पैसे देणाऱ्या कायद्याची, रिझर्व्हसाठीची शाखा. दप्तरी भाषेत चॅप्टर १६०६. मिसिसिपीचे काँग्रेसमन सनी माँटगोमेरी यांच्या नावाचा हा कायदा, आणि १ जुलै १९८५ पासून सहा वर्षांची सही करणाऱ्यांना त्याचा लाभ मिळतो. सक्तीची भरती १९७३ मध्ये संपली. त्यानंतर लष्करापुढे पोरांना आत आणण्याइतकाच मोठा प्रश्न होता त्यांना आत टिकवण्याचा. हे लक्षात ठेवलं की या योजनेतली प्रत्येक अट आपोआप उलगडते. ही फीमाफी नाही. कॉलेजला एक डॉलरही जात नाही. पूर्ण वेळ शिकणाऱ्या मुलाच्या खात्यात दरमहा ठरावीक रक्कम येते, महिना संपल्यावर. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या वर्षात ती ४८१ डॉलर होती. जास्तीत जास्त ३६ महिने, म्हणजे नऊ महिन्यांचं शैक्षणिक वर्ष धरलं तर बरोब्बर चार वर्षं. ४८१ गुणिले ३६, सतरा हजार तीनशे सोळा डॉलर. पूर्णवेळ सक्रिय सैन्यात राहून आलेल्याला याच बिलाच्या दुसऱ्या शाखेतून त्याच वर्षी महिन्याला अडीच हजारांहून थोडे जास्त मिळत होते. दोन्हींचं नाव ‘जीआय बिल’च. टेबलावरच्या चकचकीत पत्रकावरही तेवढंच छापलेलं असतं.

हे पैसे सुरू कधी होतात, ही खरी मेख. अट अशी की सुरुवातीचं सगळं सक्रिय प्रशिक्षण पूर्ण झालेलं हवं आणि ते संपण्याआधी हायस्कूलचा डिप्लोमा हातात हवा. स्प्लिट ऑप्शनच्या मुलाने बेसिक केलेलं असतं, बारावीही झालेली असते, पण एआयटी बाकी. तोवर शून्य. आता एआयटी किती लांबीचं, हे निवडलेल्या कामावर ठरतं. भांडार आणि सामानाच्या हिशेबाचं काम घेतलं तर दोनएक महिन्यांत सुटका. लढाऊ तुकड्यांबरोबरच्या मेडिकचं घेतलं, तर टेक्सासात सॅन अँटोनियोला साधारण १६ आठवडे. आपल्या घरांतून मेडिकलाच कौल मिळतो, कारण त्यात ‘पुढे डॉक्टर’ दिसतो. जूनअखेर निघालेला मुलगा मग ऑक्टोबरच्या मध्याला परततो, आणि कॉलेज सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू झालेलं असतं. एक सत्र गेलं. जागा जानेवारीपर्यंत राखून ठेवली जाईल का, कॉलेजने दिलेली शिष्यवृत्ती सप्टेंबरच्याच प्रवेशाला बांधलेली आहे का, हे प्रवेश कार्यालयाला आधी विचारायचं असतं. एआयटीची तारीख पदवीदानाच्या दुसऱ्या दिवसाची मिळेलच असंही नाही. जागा असेल तेव्हा मिळते. म्हणून काम निवडताना पगार, बोनस आणि बिल्ला यांच्या आधी आठवडे मोजावेत.

प्रशिक्षणाहून परतल्यावर युनिटकडून एक कागद घ्यायचा, नोटीस ऑफ बेसिक एलिजिबिलिटी. सगळे त्याला ‘नोबी’ म्हणतात. मग व्हेटरन्स अफेअर्सकडे, म्हणजे माजी सैनिकांच्या खात्याकडे, २२-१९९० हा अर्ज. इथे हमखास होणारा घोळ म्हणजे नोबी हातात असते, पण संरक्षण खात्याच्या संगणकात पात्रतेचा रकाना कुणी भरलेला नसतो. अर्ज फेटाळला जातो, मुलगा व्हेटरन्स अफेअर्सला फोन करत बसतो, आणि दुरुस्ती करायची असते युनिटच्या कारकुनाने. ते युनिट भेटतं महिन्यातून दोन दिवस. पैसे सुरू झाल्यावरही दर महिनाअखेरीला ‘मी अजून शिकतो आहे’ अशी हजेरी नोंदवावी लागते. विसरलात की त्या महिन्याचे पैसे अडकतात. आणि सत्राच्या मध्यात कॅल्क्युलस झेपेना म्हणून सोडून दिलं, पूर्ण वेळेसाठी लागणाऱ्या बारा क्रेडिटच्या खाली गेलात, तर मिळालेल्या पैशातला काही भाग कर्ज म्हणून परत मागितला जातो. पहिल्या वेळी सहा क्रेडिटपर्यंत माफी आहे. एकदाच.

याच्या जोडीला ‘किकर’ असतो. लष्कराला ज्या कामात माणसं कमी पडतात, त्या कामासाठी महिन्याला ३५० डॉलरपर्यंतची भर. तो करारासोबतच्या पुरवणीत लिहिलेला असला तरच असतो. सही झाल्यावर आठवण झाली तर उपयोग नाही.

दुसरी गोष्ट ट्युशन असिस्टन्स. ही मात्र फी म्हणून थेट कॉलेजकडे जाते. कमाल मर्यादा एका क्रेडिटला २५० डॉलर आणि वर्षाला ४,५००. वर्ग सुरू होण्याआधी मंजुरी घ्यायची, नंतर चालत नाही. आणि त्या विषयात ‘सी’च्या खाली ग्रेड आली तर ते पैसे मुलाकडून वसूल होतात. आपल्याकडे नापास झालं की घरचे रागावतात. इथे सरकार बिल पाठवतं.

तिसरी गोष्ट राज्याची, आणि गैरसमजाची खरी जननी तीच. न्यू जर्सीच्या सरकारी कॉलेजांत सत्राला पंधरा क्रेडिटपर्यंत ट्युशन माफ होते, पण ती नॅशनल गार्डच्या सैनिकाला. गार्ड राज्याचं, रिझर्व्ह केंद्राचं. दोघांचा गणवेश एकच, ड्रिल वीकएंडही तसाच, त्यामुळे पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या आईला फरक दिसण्याचं कारणच नाही. शेजारणीच्या मुलाची फी माफ झाली म्हणजे तो गार्डमध्ये असणार. ती माफीसुद्धा सुरुवातीचं प्रशिक्षण पूर्ण केलेल्याला, वर्गात जागा शिल्लक असेल तर, आणि राज्याच्या व केंद्राच्या बाकी सगळ्या मदतीसाठी आधी अर्ज केलेला असेल तर. राहणं-जेवण त्यात नाहीच. तरीही निव्वळ हिशेब मांडला तर न्यू जर्सीत राहणाऱ्या आणि इथल्याच सरकारी कॉलेजात जाणाऱ्या मुलासाठी गार्डचं पारडं जड आहे. रिझर्व्हच्या टेबलावरचा माणूस हे स्वतःहून सांगणार नाही. दुधाच्या दुकानात दह्याची जाहिरात कोण करेल?

आणखी एक भ्रम मोठ्या कॉलेजांकडे डोळे लावलेल्या घरांत असतो. सैन्यात गेला म्हणजे आर्थिक मदतीच्या अर्जात मुलगा ‘स्वतंत्र’ धरला जाईल, आई-बापांची मिळकत बघितली जाणार नाही. तसं होत नाही. प्रशिक्षणासाठीची सक्रिय सेवा त्या प्रश्नात धरत नाहीत. दोघेही आयटीत असलेल्या घरात गरजेवर आधारित मदत आधी नव्हती, नंतरही नाही. आणि ९/११ नंतरचं जीआय बिल, ज्यात पूर्ण फी आणि घरभाडं मिळतं, त्याच्या पायऱ्या सक्रिय सेवेच्या दिवसांवर चढायच्या असतात. ड्रिल वीकएंड त्यात मोजत नाहीत. खालच्या पायऱ्यांना बेसिक आणि एआयटीसुद्धा नाही. रिझर्व्हच्या मुलाला ते बिल मिळतं ते बहुधा बोलावणं येऊन, घर सोडून, कुठेतरी महिनोन्‌महिने राहिल्यावर. आई ज्या गोष्टीसाठी देवाजवळ हात जोडेल की नको येऊ दे, त्याच गोष्टीने फी भरली जाते.

बोलावणं आलं तर कॉलेजला त्याची जागा परत द्यावी लागते, कायदा तसा आहे. सत्र अर्धवट राहिलं, तो अभ्यास, ते मित्र, ती प्रयोगशाळेतली जोडी, यांना मात्र कायदा लागू नाही.

हजेरीचंही एक गणित आहे, आणि ते मुलांना फार उशिरा कळतं. एक वीकएंड म्हणजे दोन दिवस असं आपण म्हणतो. सैन्याच्या हिशेबात त्या दोन दिवसांत चार ड्रिल असतात. पगार चार दिवसांचा मिळतो तेव्हा हे फार गोड वाटतं. वर्षभरात विनापरवानगी नऊ ड्रिल चुकले की माणूस ‘असमाधानकारक’ ठरतो. नऊ म्हणजे नऊ वीकएंड नव्हेत. दोन वीकएंड आणि तिसऱ्या शनिवारची सकाळ. मिडटर्मच्या आदल्या वीकएंडला दांडी, चुलतबहिणीच्या लग्नाला टेक्सासला वीकएंडभर दांडी, आणि एकदा शनिवारी गजर वाजला नाही. संपलं. दरमहाचे ते पैसे थांबतात, घेतलेल्यातलेही काही परत मागितले जाऊ शकतात. लग्नाला जायचं असेल तर आधी अर्ज करून ड्रिल दुसऱ्या दिवशी भरून काढता येतं. त्यासाठी अठरा वर्षांच्या मुलाने सार्जंटला तीन आठवडे आधी सांगायला हवं. ज्यांच्या घरी अठरा वर्षांचा मुलगा आहे त्यांनी हे किती संभवतं ते ठरवावं.

असं सगळं मांडत गेलं की वाटतं, सूर नकाराचाच लागतोय. तसं नाही. कर्ज न काढता निम्मंअधिक कॉलेज निभावून नेणारी मुलं आहेत. सकाळी साडेचारला स्वतःहून उठणारा, आईच्या हातची पिशवी न मागता उचलणारा, बापाशी पैशाचं नीट बोलणारा मुलगा सप्टेंबरात परत येतो, आणि ते बघून घरातल्यांच्या डोळ्यांत येणारं पाणी खोटं नसतं. ज्या गावात आपण पंचवीस वर्षं राहतो, तिथल्या मेमोरियल डेच्या संचलनाकडे पदपथावरून बघत राहण्याचा कंटाळा काही मुलांना येतो. त्यांना रस्त्यावर उतरायचं असतं. फीचं कारण ती आपल्याला समजेल अशा भाषेत सांगतात एवढंच. हेही बोलायला हवं की त्या कॅफेटेरियात तिळगूळ वाटत फिरणाऱ्या पोरांपैकी बरीचशी एच-४ व्हिसावरची, म्हणजे आई-बापांच्या नोकरीच्या व्हिसावर आलेली. त्यांना हे टेबल बंद. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तरच सही. एकाच वर्गात, एकाच नाचाच्या सरावात असलेल्या दोन मुलांमधली ती रेघ जेवणाच्या सुट्टीत पेन वाटणाऱ्या माणसाला दिसत नाही, मुलांना दिसते.

मनात रुतून बसतात ते दोन कागद. एक करार, फॉर्म डीडी ४. त्यात मोठ्या अक्षरांत छापलेलं आहे की सरकारने दिलेली सगळी वचनं या करारात आणि सोबतच्या पुरवण्यांत आहेत, याखेरीज कुणीही काहीही कबूल केलं असेल तर ते ग्राह्य नाही आणि पाळलं जाणार नाही. इतकं स्वच्छ वाक्य सरकारी कागदावर क्वचित सापडतं. कॅफेटेरियातल्या त्या टेबलावर झालेलं सगळं बोलणं त्या एका वाक्याने पुसलं जातं. उरतात त्या पुरवण्या. सही करण्याआधी त्या सुट्या करून बघाव्यात. कामाचा क्रमांक आहे का, किकरची रक्कम आहे का, सहा वर्षं लिहिलीत की दुसरं काही. जे तिथे नाही ते नाही.

दुसरा कागद डीडी १९६६. सतरा वर्षांच्या मुलासाठी त्यात आई-वडिलांच्या संमतीचा भाग असतो. नेमणूक, प्रशिक्षण, बढती यांबद्दल आम्हाला कुठलंही वचन देऊन ही संमती घेतलेली नाही, असं आई-बाप लिहून देतात. आणि पुढे हेही, की त्याच्या सेवेवरचा आणि त्या सेवेच्या वेतनावरचा सर्व हक्क आम्ही सोडत आहोत. इंग्रजीत ते कोरडं कायदेशीर वाक्य आहे. मराठीत आणायला गेलं की हक्कावर ‘पाणी सोडणं’ येतं, आणि तळहातावरून ताम्हनात पडणारी ती धार आठवते.

साडेपाचला हॉल परत द्यायचा होता. शाळेशी केलेला भाड्याचा करार तीन पानांचा. डिपॉझिट अडकू नये म्हणून समितीतल्या चौघांनी तो ओळन्‌ओळ वाचलेला, आणि फरशीवरच्या डागांच्या कलमाखाली कुणीतरी दोनदा रेघ ओढलेली. त्यामुळे शेवटचा अर्धा तास सगळे खाली वाकून सांडलेले तीळ आणि कुंकवाचे ठिपके शोधत होते. त्या बाईंनी काळ्या पेनाचं टोपण लावलं, ते पर्समध्ये टाकलं, आणि ओला पेपर टॉवेल घेऊन टेबलाखाली गेल्या.